उरलेले दहा टक्के

सिडनीतल्या केलीव्हिलमधल्या घरामागचा ग्रॅनी फ्लॅट मला भाड्याने देताना बाईंनी तीनच प्रश्न विचारले. घोरतोस का? सारखा शिंकतोस का? आणि फोनला हात न लावता दोन तास बसता येतं का? नोकरी कुठे, मित्र किती येणार, फोडणीचा वास किती करणार, यातलं काहीही नाही. मी पुण्याहून युनिव्हर्सिटीसाठी आलेला, नुकती पहिली नोकरी लागलेला, पाचजणांत एक बाथरूम असलेल्या घराला विटलेला मुलगा. तिन्ही प्रश्नांना त्यांना हवी असतील तीच उत्तरं मी दिली. पहिली दोन खरी होती.

शिंकण्याचा आणि भाडेकरू असण्याचा संबंध काय, हे कळायला दोन आठवडे गेले. एका शुक्रवारी संध्याकाळी बाई माझ्या दारात उभ्या राहिल्या.

"उद्या पहाटे चारला निघायचंय. गरम कपडे घाल. निळं काही घालू नकोस आणि अंगाला काही फवारू नकोस."

"कुठे जायचंय?"

"शिकारीला. साठी उलटल्यावर एकटीने जायचं नाही, असं मी ठरवलंय. आधीचा भाडेकरू मेलबर्नला गेला."

मला वाटलं थट्टा करतायत. पहाटे चारला त्यांची यूट, मागे उघडा हौदा असलेली गाडी, दारात घुरघुरायला लागली तेव्हा कळलं, थट्टा नव्हती.

बाई मूळच्या मिरजेच्या. उंची जेमतेम पाच फूट, केस पांढरे आणि पुरुषासारखे कापलेले. मंडळाच्या गणपतीला इरकल नेसून यायच्या आणि शनिवारी पहाटे मेणकापडाचा जुना लांब कोट घालायच्या. दोन्हींत तितक्याच सहज वावरायच्या. लग्न केलेलं नव्हतं. सिडनीतल्या मराठी लोकांनी त्यांना काकू म्हणून पाहिलं, तर "मी कुठल्याही काकाची बायको नाही," म्हणाल्या. डॉक्टर म्हटलं, तर "डॉक्टर म्हटलं की लोक खिशातून रिपोर्ट काढतात." शेवटी शाळेतल्या बाईंना म्हणतात तसं सगळे नुसतं 'बाई' म्हणायला लागले. ते त्यांना चाललं.

डॉक्टर त्या होत्याच, रेडिऑलॉजिस्ट. दिवसभर अंधाऱ्या खोलीत बसून लोकांचे एक्स-रे आणि स्कॅन बघायच्या आणि अहवाल लिहायच्या. त्या अहवालांच्या शेवटी एक वाक्य असतं म्हणे, की पेशंटला प्रत्यक्ष तपासून खात्री करून घ्यावी. तीस-पस्तीस वर्षं हे वाक्य लिहून लिहून ते बाईंच्या अंगात मुरलं होतं. घरगुती भाषेत त्याचं "जाऊन बघ" झालं होतं. मंडळाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर दिवाळीचा हॉल रद्द झाल्याची बातमी आली आणि शंभर मेसेज पडले, तेव्हा बाई गाडी काढून हॉलवर गेल्या, तिथल्या माणसाशी बोलल्या आणि ग्रुपवर चार शब्द टाकले: "हॉल आहे. मी आतच उभी आहे." शेजारच्यांच्या बेलमधल्या कॅमेऱ्यात एक संशयित माणूस दिसला म्हणून सगळी गल्ली घाबरली होती, तर बाई त्या माणसाच्या मागे चालत जाऊन त्याला विचारून आल्या. तो हरवलेलं मांजर शोधत होता. बाईंनीही मग तासभर ते शोधलं.

शिकार त्या इथे आल्यावर शिकल्या, तेही पन्नाशीत. डोंगरापलीकडे, बाथर्स्टच्या पुढच्या एका छोट्या हॉस्पिटलमध्ये त्यांची काही वर्षं नेमणूक होती. तिथे बरगड्या मोडून आलेल्या एका म्हाताऱ्या मेंढपाळाशी त्यांची ओळख झाली. मेंढपाळ म्हणजे आपल्याकडचा घोंगडीवाला नव्हे. दोन टेकड्या आणि एक अख्खा ओढा याच्या मालकीचा. हरणं त्याच्या मेंढ्यांचं गवत खात होती आणि रानडुकरं ओढ्याचे काठ उकरून टाकत होती. ही दोन्ही जनावरं या देशाची नव्हेत, बाहेरून आणून सोडलेली, आणि आता त्यांना आवर नाही. बाईंनी त्याला विचारलं, मला शिकवाल का? त्याने वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि पुढच्या रविवारी या म्हणाला.

तो पहिला रविवार बाई स्वतःच सांगायच्या, आणि प्रत्येक वेळी आनंदाने. दोन तास दोघं एका खडकाआड बसले. हरीण समोर आलं. तेवढ्यात बाईंच्या खिशातला फोन वाजला. हरीण गेलं. म्हातारा एक अक्षर बोलला नाही. उठला, गाडीत बसला, बाईंना त्यांच्या क्वार्टरच्या दारात सोडलं आणि टोपीला हात लावून निघून गेला. पुढचे दोन महिने त्याने बोलावलंच नाही.

"ओरडला असता तर मी विसरले असते," बाई म्हणायच्या.

त्यानंतर त्यांचा नियम झाला. त्यांच्याकडे एक जुना फोन होता, काचेला तडा गेलेला. शुक्रवारी तो पूर्ण चार्ज करायच्या, पूर्ण बंद करायच्या, फ्रीझरच्या पिशवीत घालून झिप लावायच्या आणि सॅकच्या तळाशी ठेवायच्या. सायलेंट नाही, एअरप्लेन मोड नाही. बंद. मी तेव्हा एका कंपनीत अॅप बनवायचो. मला हे गमतीचं वाटायचं. नकाशा फोनवर आहे, वारा कुठून वाहतोय ते फोनवर आहे, सूर्य कधी उगवणार ते फोनवर आहे, आणि ही बाई गवताची काडी हवेत सोडून वारा बघतेय!

माझ्या पहिल्या फेरीत मी फोन इमानदारीत गाडीत ठेवला. मनगटावरचं घड्याळ काढायचं मात्र लक्षात आलं नाही. दीड तास मी न हलता बसलो होतो, आणि मनातल्या मनात स्वतःवर खूश होतो. समोरच्या उतारावर एक नर आला. शिंगं अशी की मी श्वास घ्यायचं विसरलो. बाईंनी रायफल हळूहळू खांद्याला लावली. आणि माझं घड्याळ टिंगटिंग करून उजळलं. बराच वेळ बसून आहात, जरा उभे राहा, असं त्यावर लिहिलं होतं.

नर दोन उड्यांत दिसेनासा झाला.

बाईंनी माझं मनगट स्वतःकडे वळवून तो मेसेज नीट वाचला. "बरोबर सांगतंय," म्हणाल्या. "ऊठ. चल घरी."

केलीव्हिलपर्यंतचे पावणेतीन तास दोघं गप्प. घरी पोहोचल्यावर त्यांनी मला पिठलं-भाकरी खायला घातली आणि "पुढच्या शनिवारी चारला," एवढंच म्हणाल्या. दोन महिन्यांची शिक्षा मला झाली नाही, याचा मला आजही अभिमान वाटतो.

दोन वर्षं मी त्यांच्याबरोबर जात राहिलो. बंदुकीचं लायसन्स माझ्याकडे नव्हतं. मी सॅक उचलायचो, बघायचो, दाखवायचो. बाई फार कमी गोळ्या झाडायच्या. पाचपैकी चार वेळा आम्ही नुसते हात हलवत परत यायचो. जे मिळायचं त्यातला अर्धा वाटा म्हाताऱ्याचा. उरलेल्याचा बाई मिरजेहून आलेला कांदा-लसूण मसाला घालून रस्सा करायच्या. मंडळातल्या काही जणांनी "हरणं मारता?" म्हणून नाक मुरडलं, तर बाईंनी भांडण न करता त्यांना ओढ्याचा उकरलेला काठ बघायला चला म्हणून आमंत्रण दिलं. एक जोडपं खरंच आलं. परतताना रश्शाचा डबा घेऊन गेलं.

मग मी थर्मल घेतलं. हातात धरायची छोटी दुर्बीण असते, अंगाची उष्णता दाखवते. झाडीत लपलेलं जनावर पडद्यावर पांढरं चमकतं. ते फोनला जोडलं की तेच चित्र फोनवर मोठं दिसतं आणि रेकॉर्डही होतं. मला वाटलं, बाई हाकलून देतील. पण त्यांनी ते हातात घेतलं आणि डोळे लकाकले. चित्र कसं बनतं, काय काय लपतं, ओलं कसं दिसतं, काचेपलीकडचं का दिसत नाही, अशी तासभर उलटतपासणी केली. त्यांच्याच धंद्यातलं यंत्र होतं ना ते.

"आण," म्हणाल्या. "वाजणार नसेल तर आण."

पुढचे काही शनिवार त्यांनी माझी परीक्षाच घेतली. ते पांढरं काय आहे? मेंढी. जाऊन बघ. जाऊन बघितलं तर मेंढी. ते? कांगारू. जाऊन बघ. कांगारू. ते? डुक्कर. जाऊन बघ. गेलो तर उन्हाने तापलेला दगड. दहातली आठ-नऊ उत्तरं माझी बरोबर यायला लागली, आणि माझी मान ताठ झाली. ऑफिसात मी ते व्हिडिओ सगळ्यांना दाखवायचो.

तो जुलैचा, म्हणजे इथल्या ऐन हिवाळ्यातला, शनिवार होता. थंडी अशी की गवत पायाखाली काचेसारखं मोडत होतं. उजाडलं होतं, पण ओढ्याच्या घळीत दाट धुकं बसलं होतं. आदल्या आठवड्यात डुकरांनी तिथला काठ पुन्हा उकरला होता आणि म्हाताऱ्याने बाईंना फोन करून खास बोलावलं होतं. आम्ही घळीच्या वरच्या कडेला बसलो. बाई डावीकडच्या वाटेने खाली उतरायचं म्हणत होत्या. मी थर्मल फिरवलं आणि उजवीकडे, नेच्यांच्या झुडपात, एक पांढरा ठिपका दिसला. लांबट, जमिनीलगत. मधूनच हलत होता, उकरल्यासारखा.

मी बाईंना फोनचा पडदा दाखवला. "डुक्कर आहे," मी कुजबुजलो. "शंभर-सव्वाशे मीटर. मारा."

बाईंनी रायफल खांद्याला लावली होती. रायफलवरच्या दुर्बिणीतून त्या बघत होत्या, पण धुक्यात काळ्या झुडपाशिवाय काही दिसत नव्हतं.

"खात्री किती?"

"नव्वद टक्के."

"उरलेले दहा टक्के कोण आहे?"

मला राग आला. खरंच आला. थंडीने बोटं बधिर झालेली, पहाटेपासूनचा प्रवास, आणि समोर आयतं जनावर. "बाई, जाईल ते! हलतंय बघा. उकरतंय. व्हिडिओ चालू आहे, तुम्ही मारा."

बाईंनी रायफल खाली घेतली. बोल्ट मागे ओढला, एकेक गोळी काढली आणि कोटाच्या खिशात टाकली. मग उभ्या राहिल्या आणि मोठ्या आवाजात, हॉस्पिटलच्या व्हरांड्यात हाक मारावी तशी, इंग्रजीत ओरडल्या, "कोण आहे तिथे?"

झालं, मी मनात म्हटलं. गेलं.

ठिपका गेला नाही. पडद्यावर त्याच्या एका टोकातून एक बारीक पांढरी रेघ वर आली. हात होता तो.

उतारावरून मी कसा खाली गेलो मला आठवत नाही. म्हातारा ओढ्याच्या काठावर पालथा पडला होता. काठ डुकरांनी पोखरलेला. त्यावरून त्याची चारचाकी क्वाड बाइक कलंडली होती आणि त्याचा एक पाय मांडीपाशी मोडला होता. पहाटे कुंपण बघायला निघाला होता. पाण्यात पडला, कसाबसा कोपरांवर रांगत नेच्यांपर्यंत आला, आणि तेव्हापासून हाताने माती ओरबाडत पुढे सरकत होता. मी ज्याला उकरणं म्हणत होतो ते हे होतं. ओल्या गार जाकिटामुळे त्याचं निम्मं अंग थर्मलला दिसतच नव्हतं. त्याचा फोन घरी चार्जिंगला होता.

बाईंनी त्याच्या मानेला दोन बोटं लावली. त्याचं ओलं जाकीट काढून स्वतःचा कोट त्याच्याभोवती गुंडाळला, त्याला आपल्या अंगाशी धरलं आणि मला म्हणाल्या, "फोन."

माझा फोन थर्मलला जोडून, थंडीत, तासभर व्हिडिओ काढून मेला होता.

"तो नाही. माझा. सॅकच्या तळाशी."

मी झिप दातांनी उघडली. फोन सुरू केला. बॅटरी शंभर टक्के, पण घळीत रेंज नाही.

"वरच्या टेकडीवर पाण्याची टाकी आहे तिथे मिळेल," बाई म्हणाल्या. "नीट ऐक. वय एकोणऐंशी. मांडीचं हाड मोडलंय. अंग गार पडलंय, शुद्धीवर आहे, पण बोलणं अडखळतंय. हेलिकॉप्टर उतरायला घराजवळचं मेंढ्या चारायचं पॅडक मोकळं आहे. हे सगळं सांग, त्यांनी विचारायची वाट बघू नकोस. पळ."

मी पळालो. शाळेत मी कधी शर्यत जिंकलेलो नाही. त्या टेकडीवर मी दोनदा पडलो, एकदा ओकलो, पण थांबलो नाही. टाकीपाशी रेंजचा एक दांडा आला. आपत्कालीन नंबरवरची ऑपरेटर शांतपणे ऐकत गेली आणि मी सगळं क्रमाने सांगितलं, हाडाचंसुद्धा, पॅडकचंसुद्धा. ती म्हणाली, "यू आर डूइंग ग्रेट, मेट." त्यावर मला रडू फुटलं.

हेलिकॉप्टर यायला पाऊण तास लागला. तेवढा वेळ बाई म्हाताऱ्याला मांडीवर धरून त्याच्याशी सतत बोलत होत्या, झोपू देत नव्हत्या. इंग्रजी संपलं की मराठी बोलायच्या. "झोपायचं नाही हं. डोळे उघड. मेंढ्या किती आहेत सांग." आणि तो काहीतरी उत्तर देत होता.

परतीच्या वाटेवर गाडीत मी बराच वेळ शब्द जुळवत होतो. डोंगर उतरायला लागल्यावर म्हणालो, "बाई, मी मारा म्हटलं होतं."

"हो. दोनदा."

त्या माझी समजूत घालतील असं वाटलं होतं. त्यांनी घातली नाही. पुढच्या वळणावर गिअर बदलत म्हणाल्या, "मला पण डुक्करच वाटलं होतं."

"मग?"

"मग काय? वाटलं होतं. दिसलं नव्हतं."

घरी आल्यावर मी थर्मल कचऱ्याच्या डब्यात टाकलं. रविवारी सकाळी ते पुसून, बॅटरी काढून माझ्या पायरीवर ठेवलेलं होतं. बाई झाडांना पाणी घालत होत्या. "तिथे काहीतरी ऊबदार आहे, एवढंच या यंत्राने सांगितलं होतं," त्या पाइप न हलवता म्हणाल्या. "ते खरं होतं. डुक्कर हा शब्द तुझा. आपण डावीकडे उतरणार होतो, आठवतंय? ते नसतं तर म्हातारा तिथेच गेला असता."

पुढच्या आठवड्यात आम्ही त्याला हॉस्पिटलमध्ये भेटायला गेलो. त्याला सांगायचं की नाही, मी बाईंना विचारलं. "ते तू ठरव," म्हणाल्या आणि बाहेरच्या खुर्चीवर बसून राहिल्या. मी एकटा आत गेलो. पायात सळ्या घातलेला तो म्हातारा जेली खात होता. मी उभ्या उभ्या सगळं सांगून टाकलं: पडदा, नव्वद टक्के, मारा म्हटलेलं. त्याने चमचा वाटीत ठेवला.

"डुक्कर?" त्याने विचारलं.

"हो."

"मेट," तो म्हणाला, "माझी पहिली बायको मला याहून वाईट म्हणायची. बस. जेली खाणार?"

त्या वर्षअखेरीला त्याला ऐंशी वर्षं पूर्ण झाली. लोकर कातरायच्या शेडमध्ये जेवण होतं. दूरदूरहून लोक आले होते; टोप्या, बूट, उन्हाने भाजलेले चेहरे. आम्ही दोघंच वेगळे दिसत होतो. बाई इरकल नेसून आल्या होत्या आणि मी त्यांच्या मागे, जमेल तितका खांबाआड. केक कापायच्या आधी म्हातारा काठीवर उठला. त्याने बाईंना पुढे बोलावलं, हात धरला आणि सगळ्यांना म्हणाला, "हीच ती बाई, जिने मला गोळी घातली नाही."

हशा झाला. मग हळूहळू थांबला, कारण बहुतेकांना गोष्ट माहीत होती. मागच्या रांगेत एकाने टोपी काढली. मग दुसऱ्याने. मग सगळ्या शेडने काढली. बाईंना आयुष्यात पहिल्यांदाच हात कुठे ठेवावेत कळेना.

"आणि तो खांबामागचा बारका दिसतोय?" म्हाताऱ्याने काठी माझ्याकडे रोखली. "त्याने हिला घाल म्हणून सांगितलं होतं."

शेड हास्याने फुटली. माझी मान खाली गेली.

"दोन दिवसांनी सांगायला माझ्यासमोर आला. आणि त्या सकाळी माझ्या टेकडीवर तो जसा पळाला ना, तसं माझं एकही कुत्रं पळालेलं नाही."

टाळ्या सुरू झाल्या. बाई गर्दीतून माझ्यापर्यंत आल्या, माझ्या कोपराला धरून त्यांनी मला खांबाच्या पुढे आणलं आणि समोर बघत, ओठ न हलवता, मराठीत म्हणाल्या, "दोन नाही, आठ दिवसांनी. पण आता दुरुस्त करू नकोस. मान वर कर, बघू दे लोकांना."

मी मान वर केली.